तिसऱ्या ड्रमची बत्तीस पावलं

समजा, तुमच्या दोन्ही हातांत एकेक काठी आहे. खांद्यावरच्या पट्ट्याने कमरेशी अडकवलेला स्नेअर ड्रम आहे. वरच्या कातड्यावर काठी पडली की खालच्या कातड्याला टेकलेल्या तारा थरथरतात आणि तो कडक, खरखरता आवाज येतो. तुम्हाला बँडपथकात जागा हवी आहे आणि जागा एकच आहे. पडद्यापलीकडे तीन परीक्षक बसले आहेत. त्यांना तुम्ही दिसत नाही, फक्त ऐकू येता. दोन मिनिटं तुमची. चालत चालत, एकट्याने वाजवायचं. काय वाजवाल?

जोरदार काहीतरी. हात दिसले नाहीत तरी त्यांचा वेग ऐकू जावा असं काहीतरी. बहुतेक जण तेच निवडतात. आता समजा, तुम्ही निवडलेल्या कागदाच्या मधोमध काहीच लिहिलेलं नाही. चार मात्रांचं एक घर, अशी सलग आठ घरं रिकामी. काठ्या वर धरून, हात न हलवता, मात्रेला एक याप्रमाणे बत्तीस पावलं चालायची आणि तेहतिसाव्या मात्रेला केसभरही इकडे तिकडे न होता पुन्हा सुरू करायचं. घ्याल असा कागद?

टिचकीने घेतला.

टिचकी हे तिचं कारखान्यातलं नाव, पण आता घरीही तेच चालतं. कपबश्यांच्या कारखान्यात ती शेवटच्या टेबलावर बसते. भट्टीतून आलेला प्रत्येक कप सरकत्या पट्ट्यावरून तिच्यासमोर येतो, ती पातळ लाकडी काठीने त्याच्या कडेवर एकदा वाजवते आणि ऐकते. चांगला कप खणखणतो. ज्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी चीर असते तो दबक्या आवाजात बोलतो, आणि तो बाजूच्या पिंपात जातो. एका पाळीत चार हजार कप. सात वर्षं हेच काम केल्यावर तिचा कान इतका तयार झाला होता की वहिनीने सांडशी आपटली तरी ती म्हणायची, "हिचा खिळा ढिला झालाय." आणि तो झालेला असायचा.

पण याच कामाने तिच्यात एक खोड घातली होती. पट्ट्यावर दोन कपांमध्ये जराही मोकळी जागा आली की तिची काठी आपोआप पुढे सरकायची. तिला थांबता यायचं नाही. बँडच्या चाचणीला ती याआधी दोनदा बसली होती आणि दोन्ही वेळा तिच्या कागदावर एकच शब्द लिहून आला होता: धावते.

पथकात स्नेअर ड्रम नऊ. नऊ जणांतलं कोणी कमी झालं तरच चाचणी होते, आणि वयाची बत्तीस पूर्ण झालेल्यांना बसता येत नाही. टिचकीला पुढच्याच महिन्यात बत्तीस पूर्ण होणार होती. सात महिन्यांपूर्वी तिसरा ड्रमवाला वारला म्हणून ही जागा निघाली होती. तिच्यासाठी ही शेवटची.

पथकाची एक जुनी पद्धत आहे. त्या नऊ ड्रमांपैकी एखादा ज्याच्या वाट्याला येतो, तो कधीतरी स्वतःचा एक दोन मिनिटांचा तुकडा लिहितो आणि तो कागद भांडाराच्या लोखंडी कपाटात ठेवतो. चाचणीला बसणाऱ्याने त्यातलाच एक निवडायचा आणि मागे सही करायची. सही केली की बदल नाही. वाजवा, नाहीतर घरी बसा. शिवाय जागा ज्याची रिकामी झाली, त्याच्याच ड्रमवर वाजवायचं.

भांडारवाले काका तिला दोन्ही चाचण्यांपासून ओळखत होते. तिने तो कागद वर काढला तेव्हा ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "तो ठेव खाली."

"अवघड आहे का?"

"अवघड कसला, अर्धा कोराच आहे. तिसऱ्याचा आहे तो. आजवर कोणी घेतला नाही. आणि तू तर पोरी, दोन मात्रा गप्प बसलीस तर तिसऱ्या मात्रेला घरी पोचतेस."

टिचकीने कागद उलटा केला. मागे एकही सही नव्हती. पुन्हा सुलटा केला. रिकाम्या घरांच्या खाली शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं: इथे फक्त चालायचं.

तिचा हिशोब सरळ होता. बाकीचे चौदा जण धडाडधूम वाजवणार. तिच्यात जी खोट काढतात ती आता उरली नाही असं दाखवायचं असेल, तर लपायला जागाच नसलेला तुकडा हवा. तिने सही केली. काकांनी कपाट बंद करताना किल्ली दोनदा फिरवून पाहिली.

घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. भाऊ लांब पल्ल्याच्या मालगाड्यांवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात, दुपारी बारा ते आठ. टिचकीची पाळी दोनला सुटायची, त्यामुळे तीन ते पाच घर तिचं एकटीचं. ड्रम घरी आणायची परवानगी नव्हती. रबराची जाड चकती लाकडावर चिकटवून तिने सरावाचं पॅड केलं होतं आणि ते जुन्या पट्ट्याने कमरेला बांधलं होतं. त्याचा आवाज उशीवर बोट आपटल्यासारखा, शेजारी जाणार नाही इतकाच.

आधी हात. डावा हात उजव्यापेक्षा हलका पडायचा, म्हणून सगळा तुकडा ती डाव्याने सुरू करून वाजवायची. लांब रोल, म्हणजे दोन्ही काठ्यांची न तुटणारी सरबत्ती, अगदी हळू, प्रत्येक काठी दोनदा उसळते का ते मोजत, मग वेग चढवत, मग पुन्हा उतरवत. कानात फोनची टिकटिक. दहा दिवसांत हात बसले. राहिली ती आठ घरं.

दारापासून गॅलरीच्या जाळीपर्यंत अकरा पावलं व्हायची. वळायचं, पुन्हा अकरा, पुन्हा वळायचं, दहा. चालू टिकटिकीचा आवाज पार उतरवून ती चालायची, आणि तेहतिसाव्या मात्रेला काठी पाडून लगेच आवाज चढवून बघायची. दर वेळी ती पुढे असायची. कधी एक मात्रा, कधी दोन. मनात आकडे म्हणून झाले, जीभ दाताखाली धरून झाली. पावलं बरोबर बत्तीसच पडायची, पण शेवटची दहा-बारा एकमेकांच्या अंगावर चढायची.

तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी अचानक ते जमलं. काठी पडली आणि फोनची टिकटिक नेमकी तिच्यावर पडली. तिने पुन्हा केलं, पुन्हा जमलं. सहा वेळा केलं, सहाही वेळा. काय वेगळं केलं हे तिला सांगता आलं नसतं. फक्त चालताना मध्येच मान अवघडल्यासारखी झाली होती. मागून येणाऱ्या माणसाला वाट द्यावी की नाही, असं झाल्यावर होते तशी.

शुक्रवारी जिन्यात खालच्या आजींनी तिला थांबवलं.

"तुझ्या वाजवण्याचं माझं काही म्हणणं नाही गं. ते ऐकूही येत नाही. पण तुम्ही दोघं चालता ना, त्यातल्या दुसऱ्यांना सांग, पाय उचलून टाकत जा म्हणावं. फरफट फार डोक्यात जाते."

"दुसरं कोण आजी? दुपारी मी एकटीच असते."

आजींनी तिच्या दंडावर थोपटलं. "असू दे, असू दे. तुझ्या वयात मीही दुपारी एकटीच असायचे."

टिचकी हसली, पण वर येऊन तिने दाराची कडी लावली आणि पलंगाखाली वाकून पाहिलं. मग स्वतःचाच राग येऊन तिने फोन जमिनीवर ठेवला, आवाज टिपायला लावला आणि आठ घरं चालली. ऐकलं तर एकाच माणसाची पावलं, तिचीच. फोनवर आवाजाची रेघ दिसायची, प्रत्येक पावलाला एक उंचवटा. तिने पट्टी लावून उंचवट्यांमधली अंतरं मोजली. पहिल्या आठ पावलांमधली अंतरं एकेक करून आखडत गेली होती, नेहमीसारखी, धावणाऱ्या माणसाची. नवव्या पावलाला अंतर एकदम वाढलं होतं आणि तिथून बत्तिसाव्यापर्यंत एकसारखं राहिलं होतं. नवव्या पावलाशी दुसरं काहीच नव्हतं. रेघ सपाट होती.

वहिनीला रविवारी सुट्टी असायची. टिचकीने आजींचं बोलणं तिच्या कानावर घातलं आणि तिला खाली आजींकडे जाऊन बसायला सांगितलं.

"म्हणजे मी सुट्टीच्या दिवशी छताकडे बघत बसायचं," वहिनी चपला घालत म्हणाली. "बरं. सापडलाच तुझा तो लपवलेला नवरा, तर आधी त्याला भांडी घासायला लावते. इतके दिवस फुकट राहिलाय."

टिचकी चालली. अकरा, अकरा, दहा. मग काठ्या खाली ठेवून ती वाट बघत राहिली. वहिनीला वर यायला बराच वेळ लागला. ती आली, माठातलं पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायली.

"काय गं?"

"नववं पाऊल," वहिनी म्हणाली. "मी मोजत होते. आठ तुझी, ती मला कळतात, तू टाच आधी टेकतेस. नवव्यापासून दोघांची. मागच्याचा एक पाय टेकतो आणि एक ओढत येतो. तुझ्या पाठीमागे, दोन हातांवर."

"थट्टा करतेस."

"मी थट्टा करते तेव्हा माझं तोंड असं असतं का?"

नव्हतं. वहिनी लग्न होऊन आली त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि इतक्या वेळात तिने एकदाही काही बोलून झाल्यावर भिंतीकडे पाहिलं नव्हतं.

"तो कागद परत दे," ती म्हणाली.

"परत घेत नाहीत."

"मग नको जाऊस."

"पुढच्या महिन्यात बत्तीस होतात, वहिनी."

"मला माहीत आहे किती होतात. तुझा केक मीच आणते दरवर्षी." ती पलंगाच्या कडेवर बसली. "आयुष्यभर कप वाजवले तरी चालतं गं. कोणी मरत नाही त्याने."

सात वर्षं ती वाजवत होती, आणि तिच्या वाजवण्याचा उपयोग एवढाच होता की फुटके पिंपात पडावेत. एकदा तरी कोणीतरी तिच्या काठीच्या ठेक्यावर पाऊल टाकावं, एवढंच तिला हवं होतं. पण हे वहिनीला सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते, आणि वहिनीने ते न सांगताच ऐकलं असावं, कारण कागद परत करायचा विषय तिने तिथेच सोडला. त्या दिवसापासून मात्र ती कामाला जाताना घरातला दिवा लावून जायला लागली, भर दुपारी.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर टिचकी भांडारात गेली. काका पट्ट्यांच्या पितळी बकलांना फडकं मारत होते.

"काका, तिसरे ड्रमवाले कसे चालायचे?"

फडकं थांबलं. "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही."

काकांनी बकल खाली ठेवलं. "डावा पाय ओढायचा तो. तरुणपणी शिडीवरून पडला होता. बँडमध्ये घेतला तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं. पडद्याआड वाजवलं, आणि त्या वेळी चाचणी उभ्याने व्हायची. कळलं तेव्हा जुने मास्तर म्हणाले, ठीक आहे, पण रस्त्यावर तुझे पाय मला ऐकू येता कामा नयेत. मग काय, बावीस वर्षं त्याने हात थांबू दिले नाहीत. बाकीचे ड्रम गप्प झाले तरी हा कडेवर बारीक काहीतरी वाजवत राहायचा. लोकांना वाटायचं, काय हौस आहे." त्यांनी चष्मा पुसला. "वाजत असेपर्यंत ते ओढणं झाकलेलं. थांबला की ऐकू येणार."

"आणि तुकड्यात आठ घरं थांबून ठेवला."

"हो. लिहिला, कपाटात ठेवला आणि स्वतः कधीच वाजवला नाही. मी विचारलं एकदा. म्हणाला, कोणीतरी घेईल तेव्हा बघू."

त्या आठवड्यात एकदा कारखान्यात पट्टा बंद पडला. यंत्र थांबल्यावर त्या दालनात अशी शांतता होते की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. टिचकी पाय मोकळे करायला उठली. मांडण्यांवर हजारो कप एकमेकांना खेटून रचलेले, कोणी जवळून चाललं की पावलागणिक किणकिणतात. ती मांडण्यांच्या मधून चालली. किण, किण, किण. नवव्या पावलाला ती थांबली. कप आणखी एकदा किणकिणले, बारीक आणि लांबट, आणि मग तेही थांबले. ती मागे वळली नाही. परत टेबलापर्यंत जाताना मात्र तिने पावलं मोजली आणि त्यांच्यातलं अंतर एकसारखं होतं.

चाचणी सकाळी दहाला, पथकाच्या लाकडी जमिनीच्या मोठ्या खोलीत. लांबीच्या दोन टोकांना खडूने दोन पांढऱ्या रेघा मारलेल्या. पडदा लांबीभर. टिचकीचा नंबर शेवटचा, पंधरावा. काकांनी तिसरा ड्रम तिच्या खांद्यावर चढवला. चामडी पट्टा दुसऱ्या कोणाच्यातरी खांद्याच्या आकारात वाकलेला होता, डावीकडे जरा खाली. तिने तो सारखा करायचा प्रयत्न केला, तो पुन्हा तसाच झाला.

"राहू दे," काका हळूच म्हणाले.

तिने रेघेवर पाय ठेवला. पहिलं मिनिट जसं बसवलं होतं तसं गेलं. जागच्या जागी पाय टाकत लांब रोल, वर चढणारे कडक ठोके, मग कडेवरचं बारीक काम. मग तिने काठ्या वर उचलल्या आणि आठ घरं सुरू झाली.

लाकडावर तिची पावलं फार मोठ्याने वाजली. तिसऱ्या पावलाला तिला कळलं की ती धावते आहे. गुडघ्यांतच ती घाई होती. सहावं, सातवं. हे तिसऱ्यांदा होतंय, तिच्या मनात आलं, आणि आता चौथ्यांदा काही होणार नाही. आठवं.

नवव्या पावलाला मागून तो आला. एक टेकलेला, एक ओढलेला. यावेळी तिला स्वतःला ऐकू आलं. तिला कोणाला खाली पाठवायची गरज नव्हती. तो मुळीच घाईत नव्हता. ज्याला बावीस वर्षं आपले पाय ऐकू द्यायचे नव्हते, तो माणूस प्रत्येक पाऊल पुरतं वाजवत येत होता. भीतीने तिच्या हातांवर काटा आला, आणि तरीही तिने तिचं पाऊल त्याच्या पावलापर्यंत थोपवलं. वीस. पंचवीस. समोरची पांढरी रेघ जवळ आली. एकतीस, बत्तीस.

तेहतिसाव्याला काठ्या पडल्या.

वाजवून झाल्यावर पडद्यापलीकडून पथकाच्या आताच्या मास्तरांचा आवाज आला. मास्तर तिसऱ्याच्या पुढच्या रांगेत बावीस वर्षं चालले होते.

"लय केसभरही हलली नाही," ते म्हणाले. "पण चाचणी एकेकाची असते. तुमच्याबरोबर कोण आलं होतं?"

"मी एकटीच आहे सर."

"मास्तर, एकच जण होतं," दुसरी परीक्षक म्हणाली. ती पथकातली तुतारीवाली होती. "मी डोळे मिटून ऐकत होते." तिसऱ्या परीक्षकानेही तेच सांगितलं.

खुर्ची सरकली. मास्तरांनी पडदा बाजूला केला. त्यांनी टिचकीकडे पाहिलंच नाही. ते जमिनीकडे बघत होते. सुरुवातीच्या रेघेवरून तिच्या बुटांनी थोडा खडू पुढे आणला होता, आणि त्याच्याच बाजूला एक लांबट पांढरा फरांटा गेला होता. पण तिच्याआधी चौदा जण त्या रेघेवरून चालून गेले होते. तो कोणाचाही असू शकला असता. मास्तरांनी बुटाच्या टोकाने फरांटा पुसला आणि तिच्या निवडीच्या कागदावर सही केली.

आता टिचकी दुसऱ्या रांगेत चालते. तिसरा ड्रम तिचा आहे, मागे साठ माणसं तिच्या काठीच्या ठेक्यावर पाऊल टाकतात, आणि वहिनी रस्त्याच्या कडेला उभी राहून अनोळखी लोकांना सांगते, "ती, ती बघा, आमची." दुपारी घरात दिवा लावणं तिने बंद केलं आहे. कोणी मागून येत नाही. कपही गप्प असतात. दोन महिने गेले तशी टिचकी ते विसरायलाही लागली होती.

परवा जिन्यात खालच्या आजी भेटल्या.

"बरं झालं, गेले ते," आजी म्हणाल्या. "आता एकाच माणसाचे पाय ऐकू येतात. पण बाळा, तू पडलीस का कुठे?"

"नाही आजी. का?"

"डावा पाय ओढतेस. जपून चाल हो."

वर जाऊन टिचकीने रोजचे बूट काढले आणि उलटे करून मांडीवर घेतले. उजव्याचा तळ सारखा झिजला होता, टाचेकडून, नेहमीसारखा. डाव्याचा पंजा एका कडेने पार घासला गेला होता. तिने त्यावरून बोट फिरवलं. पाय दुखत नव्हता, सूज नव्हती. वहिनीला हाक मारावी असं तिला वाटलं, पण विचारायचं ते वहिनीला माहीत असणार नव्हतं, काकांनाही नाही. त्या दोन रेघांमध्ये एकच जण चाललं होतं, असं दोन परीक्षकांनी सांगितलं होतं. आणि नवव्या पावलाला तिने स्वतःहून आपलं चालणं त्याच्या हवाली केलं होतं, हेही खरं होतं. बूट तसाच हातात धरून ती खोलीच्या मधोमध बसून राहिली. त्या बत्तीस पावलांत पांढऱ्या रेघेपर्यंत नेमकं कोण पोचलं होतं?